नारायण नावाचा मुलगा

मानवगृह्यसूत्रात नामकरणाचा विधी सांगताना एक बंदी घातली आहे. मुलाचं नाव देवतेच्या आश्रयाने ठेवावं, नक्षत्राच्या आश्रयाने ठेवावं, पण देवतेचं प्रत्यक्ष नाव ठेवू नये. म्हणजे देवदत्त चालेल, विष्णुगुप्त चालेल, नारायणदासालाही हरकत नाही. नुसता विष्णू किंवा नुसता नारायण नको. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना भारतरत्न काण्यांनी नामकरणाच्या या जुन्या नियमांची बारकाईने छाननी केली आहे, आणि त्यांचं स्वतःचं नाव पांडुरंग वामन: पंढरीचा देव आणि विष्णूचा पाचवा अवतार, दोघेही दत्त-गुप्त-दास असल्या कसल्याही आडोशाविना. बंदी केव्हा आणि किती मोडली हे कळायला एवढं पुरे. पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी पहिल्याच आह्निकात, याज्ञिकांचे आणखी काही नियम आले आहेत. मुलाचं नाव घोषवर्णाने सुरू व्हावं, मध्ये य, र, ल, व यांपैकी काही असावं, पहिला स्वर वृद्धीचा नसावा, नाव शत्रूकडे चालणारं नसावं, दोन किंवा चार अक्षरांचं असावं, कृदन्त असावं, तद्धित नसावं. या कसोटीला ‘नारायण’ लावून पाहिलं तर सुरुवात बरी होते. ‘न’ घोषवर्ण आहे, मध्ये ‘र’ आणि ‘य’ आहेत, अक्षरं चार. पुढे मात्र तो नापास होतो. पहिलाच स्वर ‘आ’, म्हणजे वृद्धीचा. आणि पाणिनीच्या रीतीने ‘नराचा वंशज’ अशी फोड केली तर शब्द सरळसरळ तद्धित. मनुस्मृतीतली फोड वेगळी आहे, नारा म्हणजे पाणी आणि ते ज्याचं पहिलं वसतिस्थान तो नारायण. दोन्ही फोडी विद्वानांच्या कामाच्या. ज्या घरांनी शेकडो वर्षं मुलांची नावं नारायण ठेवली त्यांतल्या फार थोड्यांनी यांतली एखादी डोक्यात धरली असेल.

मग प्रश्न असा, की शास्त्राने देवतेचं नाव माणसाच्या अंगाला लागू नये म्हणून जी काळजी घेतली ती सोडून देऊन लोकांनी काय केलं? पावित्र्य घालवलं, की पावित्र्याची कल्पनाच बदलली? माझ्या मते दुसरं. आणि ती बदललेली कल्पना जुनीपेक्षा अधिक खोल आहे. देवाचं नाव माणसाला देणं म्हणजे ते वापरायला देणं, आणि वापर म्हटला की नाव तुटणार, आखूड होणार, रागाने घेतलं जाणार, चुलीपासून उकिरड्यापर्यंत सगळीकडे जाणार. हे न कळून नावं ठेवली गेली असं समजण्यात अर्थ नाही. नामदेवांच्या चार मुलांची नावं परंपरेत नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी आली आहेत. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. ज्या माणसाने आयुष्यभर नामाचा महिमा गायला त्याच्याच घरात चार देव शेवटची अक्षरं गमावून अंगणात खेळत होते, आणि संप्रदायाने ती नावं तशीच जपली, सुधारून लिहिली नाहीत. पेशवाईच्या कागदांत कारकुनांनी नारोपंत, नारो त्रिंबक, नारो शंकर असे नारायण उतरवले. नाशिकला गोदेच्या काठावरचं देऊळसुद्धा ज्याने बांधलं त्याच्या आखूड नावाने नारोशंकराचं. घरात नारू, चिडल्यावर नाऱ्या, म्हातारपणी नारबा. नारू हे तर पायातून निघणाऱ्या जंताचंही नाव होतं. कुणाला त्यात देवाचा अपमान दिसला नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे आणि तो विसरून चालणार नाही. 1608 साली जांब गावी ठोसरांच्या घरात जन्मलेल्या मुलाचं नाव नारायण. त्याने पुढे स्वतः जे नाव घेतलं ते रामदास. म्हणजे आईबापांनी देवतेचं प्रत्यक्ष नाव दिलं होतं आणि मुलाने ते सोडून गृह्यसूत्राला मान्य होईल असं, दासाचा आडोसा असलेलं नाव पत्करलं. मुसलमान घरांत अब्दुल रहमान असं नाव ठेवताना हीच काळजी असते: रहमान देवाचं नाव आहे, माणूस त्याचा बंदा. तिथे एकट्या ‘रहमान’ अशा हाकेला जाणता माणूस आक्षेप घेतो. रामदासांचं उदाहरण म्हणूनच माझ्या म्हणण्याच्या विरोधात उभं करता येईल: ज्याला खरी भक्ती कळली त्याने देवाचं नाव आपल्या अंगावरून उतरवून ठेवलं. पण त्यात एक फरक आहे. स्वतः स्वतःला नाव घेणं आणि दुसऱ्याला नाव देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. साधकाने स्वतःला नारायण म्हणवून घेणं म्हणजे दावा. आईने पाळण्यातल्या पोराला नारायण म्हणणं हा दावा नाही, ती हाक आहे. रामदासांनी दावा टाळला. त्यांच्या आईची हाक चुकीची होती असं त्यात कुठेच येत नाही.

या हाकेचा विचार भागवताच्या सहाव्या स्कंधात झाला आहे, आणि तिथली अजामिळाची गोष्ट, संतांच्या बोलीत अजामेळाची, कीर्तनातून सर्वांच्या ओळखीची आहे. ती ज्या प्रश्नातून निघाली तो मात्र सहसा सांगितला जात नाही. पापाला प्रायश्चित्त करावं असं शुकांनी सांगितल्यावर परीक्षित विचारतो, की माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो, मग हे गजस्नानच नाही का? हत्ती नदीतून निघतो आणि काठावर येऊन सोंडेने अंगावर धूळ उडवतो. राजाची शंका खरोखर चोख आहे. कर्माने कर्म धुता येत नसेल तर काय उरतं? त्यावर ही गोष्ट येते. कान्यकुब्जातला अजामिळ चांगला शिकलेला ब्राह्मण, बापाने फळं, फुलं, समिधा आणायला रानात पाठवलं, वाटेत एका दारू प्यालेल्या जोडप्याला पाहून त्याचं मन ढळलं, त्यातल्या बाईच्या नादाने त्याने बायको टाकली, जुगार आणि चोरीवर संसार केला, दहा मुलं झाली. सगळ्यांत धाकट्याचं नाव नारायण. भागवतकार इथे थांबून फार जवळून पाहतात. म्हातारा स्वतः जेवताना पोराला घास भरवतो, पिताना त्याला पाजतो, त्याच्या बोबड्या बोलांत इतका बुडून जातो की काळ आला हेही त्याला कळत नाही. वय अठ्ठ्याऐंशी. फास घेऊन वाकड्या तोंडाचे तीन यमदूत येतात, आणि घाबरलेला बाप दूर खेळणाऱ्या मुलाला जोराने हाक मारतो. देवाला नव्हे, मुलाला. विष्णुदूत येऊन यमदूतांना अडवतात, आणि दोन्ही बाजूंचा जो वाद होतो तो या स्कंधाचा गाभा आहे.

विष्णुदूतांचा युक्तिवाद कुठेही असं म्हणत नाही की अजामिळाच्या मनात खोलवर देव होता. ते सरळ मान्य करतात की शब्द मुलासाठी होता. नाव दुसऱ्याला उद्देशून घेतलेलं असो, चेष्टेत असो, गाण्याच्या तानेत भर म्हणून असो की तुच्छतेने, ते पाप हरतं असा त्यांचा पक्ष आहे. यांतला पहिला प्रकार, दुसऱ्याचा संकेत म्हणून घेतलेलं नाव, याला तिथे स्वतंत्र शब्दच योजला आहे. म्हणजे मुलाचं नाव नारायण ठेवणं ही या शास्त्रात अपघाताची बाब राहिलेली नाही, तो एक नोंदलेला वर्ग आहे. व्याकरणकार आणि नैयायिक यावर लगेच आक्षेप घेतील असं वाटतं. पतंजली शब्दांचे जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार आधार सांगतो, आणि मुलाला बापाने दिलेलं नाव हा यदृच्छाशब्द: त्यात मूळ अर्थाचा काही संबंध नाही, बापाच्या मर्जीने तो त्या पोराला चिकटला. डित्थ हे त्याचं नेहमीचं उदाहरण, कारण डित्थाला अर्थच नाही. मग नारायण नावाच्या पोराला मारलेल्या हाकेत नारायण देव आहे हे म्हणणं, डित्थाला हाक मारून कुणा दुसऱ्या डित्थाची वाट पाहण्यासारखं झालं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि गंमत अशी की भागवतालाही तो मान्य आहे. वाद शब्दाच्या अर्थाचा नाहीच. न्यायसिद्धान्तमुक्तावलीत तर याहून सूक्ष्म विचार सापडतो. या शब्दाने हा अर्थ समजावा अशी ईश्वराची इच्छा म्हणजे शब्दाची शक्ती, असं मानल्यावर अडचण येते की काल ठेवलेल्या नावात ती कुठून यावी? उत्तर असं, की अकराव्या दिवशी पित्याने नाव ठेवावं ही मुळात ईश्वराची इच्छा, तेव्हा बाप जे ठेवील त्यालाही ती लागू. एखादी नवी शास्त्रीय संज्ञा ठरवली तर तिला ही सवलत नाही. पाळण्यातल्या पोराच्या नावाला आहे.

म्हणून शोध अर्थात घेऊन उपयोग नाही, हाकेत घ्यावा लागतो. ‘नारायण क्षीरसागरात शेषावर निजला आहे’ हे विधान आहे. ते खरं किंवा खोटं असू शकतं आणि ते कुणाबद्दल आहे हे ठरवावं लागतं. ‘नारायणा!’ यात विधान नाही. त्यात फक्त कुणीतरी यावं एवढी मागणी आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण आठवा. लग्नघरात जो तो त्यालाच हाक मारतो, काम कुणाचंही असो. त्याच्या नावाचा अर्थ काय हा प्रश्नच कुणाला पडत नाही, तो येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाकेचं यश हाक मारणाऱ्याच्या मनातल्या चित्रावर कमी आणि ऐकणाऱ्याच्या येण्यावर जास्त अवलंबून असतं. भागवताचा खरा दावा इथे आहे. तो शब्दाबद्दल नाही, ऐकणाऱ्याबद्दल आहे: असा एक ऐकणारा आहे की ज्याला आपलं नाव दुसऱ्यासाठी घेतलं गेल्याचा राग येत नाही, आणि तेवढंही निमित्त त्याला पुरतं. हा दावा श्रद्धेचा आहे, तो सिद्ध करता येत नाही. पण तो विसंगत नाही, आणि जादूचा तर मुळीच नाही. जादूत अक्षर बिघडलं की फळ जातं. इथे नारा, नारो, नाऱ्या सगळं चालतं.

मीमांसकांकडे यावर ठेवणीतलं हत्यार आहे: हा सगळा अर्थवाद. नाम घ्यायला लोकांनी लागावं म्हणून केलेली स्तुती, तिला शब्दशः धरायचं नसतं. बारा वर्षांची व्रतं सांगणाऱ्या स्मृती एकीकडे, आणि चार अक्षरांत सगळं उरकणारी पुराणं दुसरीकडे. दोन्ही खरी मानली तर बारा वर्षांची व्रतं करणार कोण? लक्ष्मीधराने ‘भगवन्नामकौमुदी’ हा ग्रंथ या प्रश्नावर लिहिला, आणि त्याचं कौतुक हे, की त्याने मीमांसेची अवजारं घेऊन मीमांसकांचाच पक्ष खोडला, पुराणवचनं स्तुतीपुरती नाहीत, त्यांना स्वतःचा अर्थ आहे असं मांडलं. नामाच्या दहा अपराधांच्या पारंपरिक यादीत नाममहिम्याला अर्थवाद समजणं हा एक अपराध म्हणून येतो. मला मात्र ही बंदी आवडत नाही. शंका घेण्याला अपराध ठरवल्याने शंका मिटत नाही, आणि परीक्षिताने शंका घेतली म्हणूनच ही गोष्ट आपल्याला मिळाली. अर्थवादाच्या आक्षेपाला चांगलं उत्तर गोष्टीच्या आतच आहे, आणि ते कीर्तनात बहुतेक वेळा गळतं.

कारण अजामिळ त्या वेळी मरत नाही. लोकांच्या मनातली गोष्ट अशी: पाप्याने मरताना नारायण म्हटलं, विमान आलं, तो वैकुंठाला गेला. भागवतात विष्णुदूत फास तोडतात आणि निघून जातात. म्हातारा भानावर येतो, दोन्ही दूतांचं बोलणं त्याने ऐकलेलं असतं, त्याला आपल्या आयुष्याची लाज वाटते, ज्या बायकोला टाकलं तिची आणि ज्या आईबापांना वाऱ्यावर सोडलं त्यांची आठवण होते. मग तो घर सोडून गंगाद्वाराला, म्हणजे आजच्या हरिद्वाराला, जातो, तिथे साधना करतो, आणि मरण येतं ते त्यानंतर. म्हणजे नावाने त्याला मिळाली ती सवड. पाप जळालं असं विष्णुदूत म्हणतात, ते खरंच धरलं तरी जळाल्यानंतरची वाट त्याला स्वतःच्या पायांनी चालावी लागली. नाम घेऊन खुशाल पाप करावं हा जो नेहमीचा आक्षेप, त्याचं उत्तर यात आहे. नामाच्या बळावर पाप करण्याची बुद्धी हाही त्या यादीतला अपराधच. पण यादी नसती तरी गोष्ट तो अर्थ देत नाही. सोय म्हणून नाव घेणाऱ्याला सवड मिळून उपयोग काय? तो ती पुन्हा काठावरची धूळ उडवण्यात घालवील. परीक्षिताच्या हत्तीला उत्तर असं मिळतं की धुण्याने सवय सुटत नाही, पण कुणीतरी आपल्यासाठी धावून आलं हे पाहिल्यावर सुटू शकते.

टीकाकारांतल्या काहींना आणखी एक अडचण सुचली आहे, आणि ती या विषयाच्या अगदी मर्मावर आहे. एकदा उच्चारलेलं नाव जर सगळं पाप जाळतं, तर अजामिळाचं पाप मुलाच्या बारशालाच जळायला हवं होतं. मग शेवटच्या हाकेचं एवढं महत्त्व काय? त्यांचं उत्तर असं की होय, ते पहिल्याच उच्चारात जळालं, नंतरच्या हाका भक्तीचं बीज रुजवत गेल्या. पंडिती चातुर्य म्हणून हे बाजूला सारता येईल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष फार लौकिक आहे. महत्त्व मृत्यूच्या क्षणाला उरत नाही, रोजच्या हाकांना येतं: जेवायला ये, चिखलात जाऊ नकोस, कुठे उलथलास. अंतकाळी देवाचं नाव ओठी यावं म्हणून मुलांना देवाची नावं देतात, असं स्पष्टीकरण आपल्याकडे सर्रास दिलं जातं. मला ते हिशेबी वाटतं, विम्याच्या हप्त्यासारखं. बारशाची रीत पाहिली तर तिच्यात मरणाचा विचार कुठेच नाही. वरवंट्याला कुंची घालून बायका तो पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देतात आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणतात. मग तशाच मुलाला देतात. आत्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते. दगडाला गोविंद म्हणायचं आणि मुलालाही गोविंद म्हणायचं, ज्याचं नाव दिनकर ठरलंय त्यालाही आधी गोविंद म्हणायचं. संकेत म्हणून घेतलेलं नाव याचा याहून सरळ प्रयोग शोधून सापडणार नाही, आणि तो करणाऱ्या बायकांपैकी कुणी सहावा स्कंध वाचलेला असण्याची गरज नाही.

याच समाजात याच्या नेमकी उलट एक रीत होती. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं तर नाहीच. सासऱ्याचं नाव नारायण असलं की सुनेच्या तोंडून देवाचं नाव गेलं; सत्यनारायणाच्या पूजेला बसायचं आणि देवाला आडून संबोधायचं. स्मृतिवचनाप्रमाणे तर ज्येष्ठ मुलाचं नावही बापाने उच्चारू नये, आणि अजामिळाचा नारायण सर्वांत धाकटा होता हे या दृष्टीने बरंच झालं. घरोघरच्या बाळ, दादा, अण्णा, नाना या हाकांमागे हेही एक कारण आहे. म्हणजे वापराने नाव स्वस्त होतं ही भीती आपल्याकडे देवापेक्षा माणसाच्या बाबतीत जास्त पाळली गेली. देवाचं नाव पोराला देऊन त्याला नाऱ्या म्हणायला कुणी कचरलं नाही. सासऱ्याचं नाव घ्यायला मात्र कसलीच सोय नव्हती, उखाणा होता तोही नवऱ्यापुरताच. मान सांभाळण्याची एवढी दक्षता ज्याला लागते तो मोठा, की जो नाऱ्यालाही ओ देतो तो? निदान भक्तिपरंपरेचा कौल कुठे पडतो यात मला शंका नाही.

देवाच्या नावाशेजारी धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं ठेवून पाहिली की हाकेचं हे तत्त्व आणखी उघडं होतं. लागोपाठ मुलं दगावलेल्या घरात अशी नावं ठेवत, कारण मृत्यूने ऐकावं आणि हे टाकाऊ आहे असं समजून पुढे जावं. इथेही नाव मुलाला दिलेलं, पण ऐकवायचं तिसऱ्यालाच. नारायण म्हणणारी आई एका ऐकणाऱ्याला इकडे बघ म्हणते. धोंडू म्हणणारी दुसऱ्याला बघू नकोस म्हणते. धोंडो केशव कर्वे या एकाच नावात, बाप आणि मुलगा मिळून, दोन्ही तऱ्हा आल्या आहेत, आणि धोंडो एकशेचार वर्षं जगले. यावरून नाव म्हणजे ताईत असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो आवरायला शनिवारवाडा पुरे. 30 ऑगस्ट 1773 रोजी तिथे मारल्या गेलेल्या अठरा वर्षांच्या पेशव्याचं नाव नारायण होतं, आणि काकाला मारलेली त्याची हाक मराठी माणसाच्या कानात आजही आहे. नावाने त्याला वाचवलं नाही. अजामिळाच्या गोष्टीतही नारायण नावाच्या पोराला काही मिळाल्याचा उल्लेख नाही. परंपरेने फळ सांगितलं आहे ते हाक मारणाऱ्याला, नाव वागवणाऱ्याला काहीच कबूल केलेलं नाही. मुलाच्या नावाचा अर्थ त्याच्या स्वभावात उतरतो असं जे आज नावांच्या पुस्तकांत छापतात, त्याला या सगळ्या विचारात आधार नाही.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. ज्याला नारायण या देवावर विश्वासच नाही, त्याच्या नावाचं काय? 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवीने नारायण वामन टिळक हे नाव पुढेही ठेवलं. ख्रिस्ताची मराठी भजनं लिहिणारे रेव्हरंड विष्णूचीच दोन नावं घेऊन वावरले. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे. फुल्यांनी पुराणांतल्या देवांना नाकारून निर्मिक हा वेगळा शब्द घडवला, आणि त्यांच्या या सहकाऱ्याचं नाव पुराणातलंच. टाकून दिलेल्या एका अर्भकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणलं, वाढवलं, नाव दिलं. तो पुढे मार्क्सवादी कवी झाला, आणि पहिल्या संग्रहाला त्याने नाव दिलं ‘ऐसा गा मी ब्रह्म’. या तिघांना मारलेल्या हाकांत देव होता असं भागवताच्या आधाराने म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्यांनी विचारपूर्वक जे नाकारलं ते त्यांच्या नावाच्या आडून त्यांच्यावर लादणं झालं. पण म्हणून नाव पोकळ झालं असंही नाही. मनुस्मृती शूद्राचं नाव घृणा वाटावी असं ठेवायला सांगते. एका गिरणी कामगाराने, ज्याची जात कुणालाच ठाऊक नाही अशा पोराला नारायण म्हणावं यात दोन बंदी एकदम मोडल्या: देवाला माणसापासून जपणारी एक, आणि माणसाला चांगल्या नावापासून दूर ठेवणारी दुसरी. पुढे देव गेला तरी दुसऱ्या बंदीचं मोडणं शाबूत राहतं. टिळकांनी नाव का बदललं नाही याचं उत्तरही मला यातच दिसतं: ते नाव तोवर धर्माचं उरलं नव्हतं, भाषेचं झालं होतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हा ऱ्हास वाटेल. संकेत म्हणून, चेष्टेत, तुच्छतेने घेतलेलं नावही ज्याला चालतं, त्याला नास्तिकाने वागवलेलं नाव न चालण्याचं कारण दिसत नाही.

एका जागी मात्र भागवत स्वतःच्याच युक्तिवादाला पुरतं उतरत नाही. त्या घरात नारायणाला हाक मारणारा अजामिळ एकटा नव्हता. मुलगा आईबाप दोघांचा लाडका होता असं ग्रंथच सांगतो. चोरी-जुगारासाठी म्हातारा घराबाहेर असताना पोराला दिवसभर बोलावलं, रागावलं, निजवलं ते आईने. तोच शब्द तिच्या तोंडी त्याच्या दसपट तरी आला असणार. कसल्याही हेतूने घेतलेलं नाव पुरतं, तर ते तिलाही पुरायला हवं. पण अजामिळाची ओळख ‘दासीचा नवरा’ अशी करून देऊन ग्रंथ तिला पापाच्या कारणात बसवतो, तिला नाव देत नाही, आणि म्हातारा गंगाद्वाराला निघून गेल्यावर तिचं आणि दहा पोरांचं काय झालं हे विचारतही नाही. पश्चात्तापात अजामिळाला पहिली बायको आठवते. हिच्याबद्दल त्याच्या तोंडी धिक्कारच आहे. हा सामाजिक दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण तो सिद्धान्तातला खंड आहे. हेतू, जात, शील यांपैकी काहीच आड येत नाही असं म्हणायचं, आणि ज्या व्यक्तीला हे तीनही आडवे आले तिच्यावर सिद्धान्त लावायचा नाही. यमदूतांचा पक्ष विष्णुदूतांनी खोडला खरा, पण या बाईपुरता तो तसाच उभा राहिला. तो खोडण्याचं काम पंढरपुरात झालं. नामदेवांच्या घरी नारा, विठा, गोंदा, महादा यांना ओरडून बोलावणाऱ्यांत एक दासी होती. तिने आपल्या अभंगांत स्वतःला नामयाची दासी म्हटलं, दळण-कांडणात देवाला हाताशी घेतलं, आणि तिच्या अभंगांची गणना संप्रदायाने नामदेवांच्या अभंगांबरोबर केली. भागवतातल्या दासीला जे नाकारलं गेलं होतं ते जनाबाईला मिळालं, आणि त्यासाठी तिला मरणाची वाट पाहावी लागली नाही.